लांब कानांचा वीर

अहो, चिंच जरा बेतानं लावा. माझा एक कान आधीच गेलाय, उरलेला तरी राहू द्या.

हो, मीच बोलतोय. देवघरात खंडोबाच्या शेजारी टेकवून ठेवलेला चांदीचा चपटा तुकडा. मी वीराचा टाक. आमच्या नाशिककडे घरातलं कुणी लढाईत पडलं की चांदीच्या पत्र्यावर त्याची मूर्ती ठोकून घेतात, तिला देवात बसवतात आणि धुळवडीला वाजतगाजत नदीवर नेऊन न्हाऊ घालतात. बाकीच्या देवांना एका जागी बसायची सवय असते. मला कधी जमलं नाही. बसवलं की माझे पाय शिवशिवायला लागतात. टाकाला कसले आलेत पाय, असं तुम्ही म्हणाल. तेच तर सांगतोय.

टाक होण्याआधी मी वाळे होतो. सायखेड्याच्या चतुराबाईनं आपल्या एकुलत्या एका लेकाच्या पायात घातलेले चांदीचे वाळे. लेकाचं नाव पुंजा. तो पहिलं पाऊल टाकून बदकन खाली बसला, तेव्हा मी त्याच्या पायात होतो. पुढं तो उठला तो थांबलाच नाही. गोठ्यात, नदीवर, लोकांच्या मळ्यात, जिथं जनावर असेल तिथं पोरगं हजर. चतुराबाई माझ्या आवाजावरून त्याला शोधत फिरायची आणि सापडला की पाठीत धपाटा घालून कडेवर घ्यायची.

पाय मोठे झाले, वाळे रुतायला लागले, तेव्हा तिनं मला काढून फडक्यात गुंडाळलं आणि उतरंडीतल्या एका गाडग्यात टाकलं. वर बाजरी ओतली. त्या अंधारात पडून मी पुंजाला मोठा होताना ऐकलं. त्याचा आवाज फुटलेला ऐकला, त्याच्या लग्नाची वाजंत्री ऐकली. गावातला मारका बैल त्याच्या हाताखाली गरीब व्हायचा, असं लोक ओट्यावर बसून बोलायचे. मला बाहेर यायची भारी घाई असायची, पण गाडग्यातल्या चांदीला कोण विचारतो?

मग ती मोठी लढाई लागली. निफाडच्या बाजारात पलटणीत भरती करणारे लोक आले. पलटणीत खच्चरं असतात, डोंगरावर ओझी वाहतात, असं कुणीतरी सांगितलं आणि गडी पाघळला. घरात काही कमी नव्हतं. बायको, धोंडाबाई, पोटुशी होती. चतुराबाईनं रडून घर डोक्यावर घेतलं. पुंजा म्हणाला, "आये, येतो की मी. जाऊन येतो म्हंजी काय मरतो का?"

गेला, आणि मेला. असं तोडून बोललेलं तुम्हाला आवडायचं नाही, पण मी इतकी वर्षं हे गिळून बसलोय.

मधे एक पत्र आलं होतं. शाळेच्या मास्तरांनी ओट्यावर बसून वाचलं. पत्र इटलीहून होतं आणि त्यात सगळं राणीचंच पुराण होतं. राणी म्हणजे त्याचं खच्चर. ती त्याच्या हातूनच खाते, दुसऱ्याला लाथ मारते, थंडीत त्याच्या मानेवर तोंड टेकवून उभी राहते. शेवटी एकच ओळ घरासाठी होती. पोर झालं असेल, नाव काय ठेवलं ते कळवा. मास्तरांकडूनच उत्तर लिहून घेतलं, मुलगी झाली, नाव गोजरा. ते उत्तर त्याला पोचलं की नाही हे कुणालाच कळलं नाही. त्यानंतर तार आली.

चतुराबाईनं तार मानली नाही. "म्या त्याचं तोंड पाह्यलं नाय, तव्हर त्यो हाय," असं म्हणून तिनं सुनेचं कुंकू पुसू दिलं नाही. भावकीतले लोक येऊन सांगून गेले. तिनं सगळ्यांना दारातून वाटेला लावलं.

लढाई संपली, देश स्वतंत्र झाला, तरी ती दाराशी ताट वाढून बसायची. मग एके दिवशी लासलगावकडचा एक माणूस घर विचारत आला. पुंजाच्याच पलटणीतला. तो चतुराबाईच्या पाया पडला आणि खालमानेनं सगळं सांगितलं. डोंगराच्या वाटेवर तोफेचे गोळे पडायला लागले, सगळे जमिनीला चिकटले, राणी बिथरली आणि कड्याकडं सरकली. दोरी पुंजाच्या हातात होती. "आम्ही वराडलो मावशे, सोड म्हनून. त्यानं नाय सोडली."

चतुराबाईनं त्याला एकच विचारलं, "आमचं पत्तर गावलं व्हतं का त्याला? पोरीचं नाव कळलं व्हतं का?"

"ते मला ठावं नाय," तो म्हणाला.

त्या दिवशी धोंडाबाईनं आपल्या हातानं कुंकू पुसलं. आणि चतुराबाईनं बाजरीत हात घालून मला बाहेर काढलं.

सोनाराच्या दुकानात ती नातीला घेऊन गेली. गोजरा तेव्हा एवढीशी होती, भट्टीकडं टक लावून बसलेली. सोनारानं वाळे वितळवले, पत्रा केला, ठशावर ठेवून ठोकला. वीराचा ठसा ठरलेला असतो. हातात तलवार, डोक्यावर पागोटं, खाली घोडा. मी तसाच झालो. चतुराबाईनं मला तळव्यावर घेतलं आणि परत सोनाराच्या पुढ्यात ठेवलं.

"ह्यो घोडा हाय."

"वीर घोड्यावरच असतो, काकू."

"माझा नव्हता. माझा खच्चरामागं चालत व्हता. कान लांब कर."

सोनारानं समजूत घालून पाहिली. देवाचं काम आहे, लोक हसतील, म्हणाला. ती उठेना. शेवटी त्यानं बारीक छिन्नी घेतली आणि घोड्याचे कान ठोकून ठोकून पार काठापर्यंत नेले. गोजरानं लगेच अंगठा फिरवून पाहिला आणि खुदकन हसली. तलवारीचं कुणाला काही सुचलं नाही. ती राहिली.

मला देवात बसवलं त्या दिवसापासून गोजराचं एक ठरून गेलं. अंघोळ करून यायची, पूजा झाली की मला उचलायची, माझ्या कानांवरून अंगठा फिरवायची आणि हळूच सांगायची, "बा, मी गोजरा." त्याला तिचं नाव कळलं होतं की नाही हे ठाऊक नव्हतं ना. म्हणून रोज सांगायची. शाळेत जाताना सांगितलं, लग्नाच्या दिवशी हळदीच्या अंगानं सांगितलं. पुंजाला मुलगा नव्हता, तेव्हा जावयालाच घरी ठेवून घेतलं. त्यामुळं मी तिच्याच देवघरात राहिलो आणि तिचं सांगणंही चालू राहिलं. चतुराबाई गेली, धोंडाबाई गेली. आता पुंजाचं असं या जगात गोजरा आणि मी, एवढेच उरलो होतो.

मी पुंजा नव्हे, हे मला कळतं हो. मी एक पत्रा आहे. पण त्याच्या पायाला मी लागलो होतो, आणि ती मला बा म्हणत होती. तिला नाही कसं म्हणणार?

आता ते रामकुंडाचं सांगतो. सांगताना अजून चिडचिड होते.

सायखेड्याला आपली गोदावरी आहे, घाट आहे. दर धुळवडीला मला तिथंच न्हाऊ घालायचे. पण गोजराचा मुलगा शेखर नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला लागला आणि त्याला मोठी हौस आली. या खेपेला वीर नाशिकला रामकुंडावर नेतो म्हणाला. गोजराचं मन नव्हतं. पण सून साधना तेव्हा बाळंतीण होती, हर्षाली नुकतीच जन्मली होती, घर सोडता येईना. गोजरानं खोबऱ्याच्या वाटीत मला ठेवलं, लाल फडकं बांधलं आणि लेकाला बजावलं, "हातातून सोडू नको."

रामकुंडावर त्या दिवशी काय गर्दी असते ते नाशिककरांना सांगायला नको. संबळ, हलगी, गुलाल, आणि ज्याच्या त्याच्या हातात खोबऱ्याची वाटी नि लाल फडकं. शेखरनं मला पायरीवर ठेवलं. कशासाठी? तर नवी विजार भिजू नये म्हणून वर दुमडायला. शेजारीच आणखी एक वाटी ठेवलेली होती. तेवढ्यात कुणीतरी रंगाची बादली उलटी केली. सगळे डोळे चोळत हसत सुटले, ज्याच्या हाताला जी वाटी लागली ती त्यानं उचलली. मला उचलणारा हात शेखरचा नव्हता. मला तोंड असतं तर मी त्याला तिथंच चार शिव्या हासडल्या असत्या.

असा मी नाशिकजवळच्या मखमलाबादला येऊन पडलो. फुलांचा मळा असलेलं घर. झेंडू, शेवंती, पहाटे टेम्पो भरायची धांदल. घरची मालकीण सुमनबाई मोठी भाविक. तिच्या घराण्यात कुणी आजा-पणजा घोड्यावरून लढताना पडला होता, त्याचाच टाक समजून तिनं मला देवात बसवलं. चार दिवसांनी तिच्या लहान मुलाला, ललितला, कावीळ झाली. पोर पार सुकलं. सुमनबाई माझ्यापुढं पदर पसरून बसली. मी काय करणार? पण पोर वाचलं. तेव्हापासून मी त्या घरचा राखणदार झालो. रोज ताजी फुलं, सणाला गोडाधोडाचा घास. कशाची ददात नव्हती.

आणि मला एक दिवस चैन पडलं नाही. वीरबाबा, वीरबाबा म्हणायचे. वीरबाबा कोण? सकाळी पूजा आटोपली की मी वाट पाहायचो, आता अंगठा येईल, आता कुणीतरी नाव सांगेल. ते चिंच लावून खसाखसा घासायचे आणि ठेवून द्यायचे. त्या घासण्यात माझा डावा कान झिजत गेला. धुळवडीला रामकुंडावर नेत, तेव्हा मी फडक्यातून कानोसा घ्यायचो. एकदा हलगीच्या आवाजात कुणी बाई विचारताना ऐकू आली, "दादा, तुमचा वीर दावता का जरा?" आवाज तिचाच होता. मला घेऊन लोक त्याच वेळी पायऱ्या चढून घराकडं निघाले होते.

ललित मोठा झाला, लग्न झालं. सून आली मनीषा. तिनं पहिल्याच दिवशी मला हातात घेऊन निरखलं आणि म्हणाली, "आई, हा घोडा आहे की गाढव?" सुमनबाईनं तिला असं झापलं की पोरीनं पुन्हा विषय काढला नाही. पण घरात आलेल्यांत नीट पाहणारी पहिली तीच.

तिकडं काय झालं ते मला नंतर कळलं. गोजरानं दुसऱ्या दिवशी पूजेला बसून अंगठा फिरवला आणि ओरडली. कान आखूड. शेखर म्हणाला, आई, झिजले असतील. तिनं त्याच्याशी कितीतरी दिवस धड बोलणं टाकलं. मग दर धुळवडीला रामकुंड. लोकांना थांबवून टाक बघायची. कुणी दाखवायचं, कुणी म्हातारीला वेड लागलंय म्हणून पुढं जायचं.

आता शेखर निवृत्त झालाय, सगळे नाशिक रोडला फ्लॅटवर राहतात, आणि गोजराचं हृदय थकलंय. डॉक्टरांनी रामकुंडाच्या पायऱ्या चढायच्या-उतरायच्या नाहीत असं सांगितलंय. हर्षाली, म्हणजे मी हरवलो त्या वर्षीची ती तान्ही पोर, आता कमावती झालीय. आजीची तगमग तिला बघवेना. तिनं मोबाईलवर शोधून शोधून पणजोबांचं नाव काढलं. इटलीत एका दगडी भिंतीवर कोरलंय. फोटो मोठा करून तिनं आजीला दाखवला. गोजरानं पाहिला, हात जोडले आणि म्हणाली, "लय चांगलं केलं बाई. पर ह्ये नाव दगडात हाय. माझा बा चांदीत हाय. त्यो आण."

मग हर्षालीनं आजीलाच मोबाईलसमोर बसवलं आणि बोलायला लावलं. "ज्याच्या घरी वीराच्या घोड्याचे कान खच्चरावानी लांब असतील, त्यानं सांगा. म्या काय भांडाया येनार नाय." एवढंच. तो व्हिडिओ फिरत फिरत मखमलाबादच्या बायकांच्या ग्रुपवर आला. मनीषा ओटीवर झेंडूचे हार ओवत होती. आवाज ऐकून मी इकडं नुसता तडफडलो. तिनं व्हिडिओ परत लावला. सुई खाली ठेवली आणि देवघराकडं पाहिलं.

तरी चार-आठ दिवस ती गप्प राहिली. येता जाता मला बघायची. शेवटी तिनं माझा फोटो काढून व्हिडिओखालच्या नंबरवर पाठवला आणि मग सासूला सांगितलं.

सुमनबाईनं देवघराचं दार लोटून घेतलं. "घरचा वीर परक्याला देते का कुणी? ललित मरणाच्या दारातून आला, तो कुणामुळं? ह्याला घालवला आणि लेकराला काही झालं तर? तू भरून देशील?"

"अहो आई, तो लेकरू कसला, दोन पोरांचा बाप झालाय," मनीषा म्हणाली.

"माझं लेकरूच आहे."

ललितनं समजावलं, तिनं ऐकलं नाही. तिची भीती खोटी नव्हती, म्हणून मला तिचा राग येईना. राग येईना आणि थांबवेनाही, असं माझं झालं.

धुळवडीच्या सकाळी दारात गाडी थांबली. हर्षाली उतरली, मग शेखर, आणि दोघांच्या आधारानं गोजरा. केवढी म्हातारी झाली होती. हातात खोबऱ्याची वाटी, वर लाल फडकं. तिनं ती कुणाला धरू दिली नव्हती.

सुमनबाईनं रीत म्हणून पाणी दिलं, पाट दिला, आणि देवघराच्या दारात स्वतः बसली. "हा तुमचाच कशावरून?"

गोजरानं आधी फडकं सोडलं. वाटीत घोड्यावरचा वीर होता, लख्ख घासलेला, ताजं गंध लावलेला. "ह्यो तुमचा," ती म्हणाली. "ह्यो माझा नाय, ह्ये मला दुसऱ्या दिशीच कळलं व्हतं. पर कुनाचा तरी लेक हाय म्हनून म्या त्याला कधी उपाशी ठेवला नाय. पुरनपोळीचा पयला घास त्याला दिला, मंग आमी खाल्ला. त्याचं नाव म्हाईत नव्हतं. पाव्हणा म्हनायची."

सुमनबाईनं तो टाक हातात घेतला. मागच्या बाजूला तिच्या सासऱ्यानं मारून घेतलेली फुलाची खूण होती. ती खूण तिच्या ध्यानातूनच गेली होती. आता बोट लागलं आणि तिचे डोळे भरून आले. पण ती दारातून हलली नाही.

"मग माझ्या ललितला वाचवलं कुणी?" तिनं विचारलं. आवाजात भांडण नव्हतं, नुसतं भ्यालेपण होतं.

"माझ्या बानंच वाचवलं असंल," गोजरा म्हणाली. "त्यानं जनावराची दोरी नाय सोडली बाई, जीव गेला तरी. तुमच्या लेकाची कशी सोडील? त्यो माझ्याकडं आला म्हनून ती सुटायची नाय."

सुमनबाई उठली. तिनं मला देवातून काढलं, कोमट पाण्यानं अंघोळ घातली, हलक्या हातानं पुसलं. कपाळाला गंध लावलं, शेवंतीचं एक फूल ठेवलं आणि मला गोजराच्या ओंजळीत दिलं. "वीरबाबा," ती मला म्हणाली, "दर धुळवडीला येत जा." मग तिलाच काहीतरी आठवलं. "नाव काय हो ह्यांचं?"

"पुंजा."

"पुंजाबाबा, येत जा," सुमनबाई म्हणाली.

गोजराचा अंगठा माझ्यावर फिरला. उजव्या कानावर थांबला. डाव्या बाजूला गेला, चाचपडला, परत चाचपडला. तिथं काही नव्हतं. मला वाटलं आता ही म्हणणार, हा नव्हे.

ती हसली. सोनाराच्या दुकानात हसली होती, अगदी तशी. "एक गेला व्हय? ऱ्हाऊंदे. एकानं बी ऐकू येतं." तिनं मला तोंडाजवळ नेलं. आणि उरलेल्या कानाशी सांगितलं, "बा, मी गोजरा."

आता मी नाशिक रोडला आहे. तिसऱ्या मजल्यावर, भिंतीतल्या छोट्या देवघरात. गोजरा पलंगावरच असते. रोज सकाळी हर्षाली मला तिच्या हातात देते. अंगठा आता फार हळू फिरतो, नाव सांगायला तिला दम घ्यावा लागतो. तो दम घेईपर्यंत माझ्या जिवाची घालमेल होते. परवा तिला बोलताच आलं नाही. तेव्हा हर्षाली वाकली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "पणजोबा, ही गोजरा. आणि मी हर्षाली." गोजरानं मान हलवली.

तेवढं माझं ऐका. धुळवडीला वीर घेऊन निघाल तेव्हा वाटी पायरीवर ठेवू नका, विजार भिजली तर भिजू द्या. तो घोड्यावर होता की पायी, ओझी वाहत होता की भाकऱ्या थापत होता, ते घरात कुणालातरी विचारून ठेवा. आणि त्याला न्हाऊ घालताना तुमचं नाव सांगा. तो घरातून निघाला तेव्हा तुम्ही जन्मला नव्हता, त्याला ते कुणी कळवलेलं नसतं.

चला, पावलं वाजली. हर्षाली येतेय, गोजराला जाग आलेली दिसते. मला आता बोलायला वेळ नाही.